दहावीतली सवलत: मिळवायची कशी आणि वापरायची कशी

इतिहासाचा धडा एकदा ऐकून तो नीट सांगणारी, पण तोच धडा कागदावर उतरवताना अडकणारी मुलं प्रत्येक हायस्कूलमध्ये असतात. तोंडी उत्तर बरोबर येतं, वही मात्र कोरी राहते. फळ्यावरचं उतरवून घेईपर्यंत तास संपतो. अशी मुलं वर्षानुवर्षं ‘आळशी’, ‘लक्ष नाही’, ‘चालढकल करतो’ असली विशेषणं ऐकत दहावीपर्यंत येतात. त्यांतल्या काहींना अध्ययन अक्षमता असते. कुणाला वाचनाची, म्हणजे डिस्लेक्सिया; कुणाला लेखनाची, म्हणजे डिसग्राफिया; कुणाला गणनाची, म्हणजे डिसकॅल्क्युलिया. यांच्या बुद्धीत काही उणं नसतं. अक्षर, आवाज आणि अंक यांची सांगड त्यांच्या मेंदूत वेगळ्या रीतीनं बसते, म्हणून वाचणं, लिहिणं, मोजणं सावकाश होतं आणि फार दमवतं.

महाराष्ट्रात अशा मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात १९९६ मध्ये झाली. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि अध्ययन अक्षमता हा त्यांतला एक. याच कायद्याच्या कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत बदल करण्याचं कर्तव्य सांगितलं आहे: जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट. तेव्हा सवलत ही शाळेची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

तरीही दर वर्षी अनेक घरांत ही धावपळ दहावीच्या जानेवारीत सुरू होते. कुणीतरी सुचवतं, मग रुग्णालयात रांग, मग बोर्डात खेटे. धडपडून कागद मिळाला तरी मुलाला लेखनिकाला उत्तर सांगायचं कसं ते ठाऊक नसतं, आणि जादा एक तास मिळूनही शेवटचे प्रश्न राहून जातात. सवलत मंजूर होणं हे निम्मं काम आहे. ती अंगवळणी पडायला सराव लागतो आणि सरावाला किमान एक पूर्ण वर्ष हवं. म्हणून ही कृती आठवीपासून सुरू होते. मूल आज नववीत असेल तर पहिले चार टप्पे एकाच सत्रात उरका. दहावीत असेल तर आजच सुरुवात करा. पण शक्य असेल तर आठवीचा जून चुकवू नका.

जमवायची सामग्री

एक प्लास्टिकची फाइल. तिच्यात मुलाच्या वह्यांच्या झेरॉक्स, तीन वर्षांची प्रगतिपत्रकं, जन्मदाखला, आधार कार्डाची प्रत, पत्त्याचा पुरावा आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. एक दोनशे पानी वही, नोंदींसाठी. दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच असलेली प्रत याच फाइलीत जाईल. तोंडी दिलेला शब्द फाइलीत लागत नाही, त्यामुळे तो धरायचा नाही.

१. दोन महिने पाहा आणि लिहून ठेवा

तर्क करत बसू नका, नोंद करा. तारीख घाला आणि काय दिसलं ते एका ओळीत लिहा. मूल वाचताना ओळ गाळतं का? काना, मात्रा, वेलांटी सुटते का? भ आणि म, घ आणि ध, ट आणि ठ यांची अदलाबदल होते का? जोडाक्षर फोडून वाचतं का? ६३ च्या जागी ३६ लिहितं का? हातचा विसरतं का, की गणिताची रीत बरोबर असून आकडे उतरवतानाच चुकतात? दहा ओळी लिहायला किती मिनिटं लागतात? लिहिताना बोटं दुखतात का?

आणि दुसरी बाजूही लिहा: काय छान जमतं? ऐकून किती लक्षात राहतं, चित्र पाहून किती कळतं, हातानं काय करता येतं? पुढे तपासणीत आणि सवलत निवडताना ही दुसरी यादी पहिलीइतकीच उपयोगी पडते.

वर्गशिक्षकांनीही हेच करावं. आठवी-नववीच्या वर्गात ज्या मुलांच्या तोंडी आणि लेखी कामात मोठी तफावत दिसते, त्यांची नावं शिक्षकाच्या डायरीत असली पाहिजेत. पालकांशी बोलताना मात्र ‘तुमच्या मुलाला काहीतरी आहे’ असं म्हणू नका. निदान करणं शिक्षकाचं काम नाही. ‘ताई, याला येतं पण लिहून होत नाही, आपण एकदा तपासून घेऊ या’ एवढं पुरे.

२. डोळे आणि कान आधी

अनेकदा अडचण चष्म्याच्या नंबराची असते. कधी कानात मळ साचलेला असतो, कधी एका कानानं कमी ऐकू येतं. हे तपासल्याशिवाय पुढची कोणतीही चाचणी खरी ठरत नाही आणि रुग्णालयही हे अहवाल आधी मागतं.

शासकीय आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी मुलाला आठवणीनं पथकापुढे उभं करा आणि तुमच्या नोंदी डॉक्टरांना दाखवा. पथक गरज पाहून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. तपासणी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. पथकाची वाट पाहायची नसेल तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्र आणि कान-नाक-घसा विभागात तपासून घ्या. अहवाल फाइलीत लावा.

३. शाळेला लेखी कळवा

बोलून झालं असलं तरी अर्ज द्या. नमुना असा:

*प्रति, माननीय मुख्याध्यापक. विषय: पाल्याच्या अध्ययनविषयक अडचणींबाबत. महोदय, माझा पाल्य आपल्या शाळेत इयत्ता आठवी, तुकडी अ मध्ये शिकत आहे. त्यास तोंडी उत्तरे देता येतात, परंतु लेखन-वाचनात सातत्याने अडचण येते. सोबत नोंदी व वह्यांच्या प्रती जोडल्या आहेत. तरी विशेष शिक्षकांमार्फत त्याची पाहणी व्हावी, तपासणीसाठी शाळेचे शिफारसपत्र मिळावे आणि तोपर्यंत घटक चाचणीत त्यास लेखनासाठी थोडा जादा वेळ देण्यात यावा, ही विनंती.*

दोन प्रती करा. एकीवर शाळेचा शिक्का, सही आणि तारीख घ्या.

प्रत्येक तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाखाली समावेशित शिक्षणाचे विषयतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक असतात. हायस्कूलमधल्या अनेक शिक्षकांची समजूत असते की ही माणसं फक्त प्राथमिक शाळेसाठी आहेत. तसं नाही, समग्र शिक्षा बारावीपर्यंत आहे. मुख्याध्यापकांनी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत त्यांना शाळेत बोलवावं. निदान झाल्यावर यू-डायस प्लस या शाळांच्या ऑनलाइन माहितीप्रणालीत मुलाची दिव्यांग म्हणून नोंद झाली की नाही हेही पाहा. साहित्य, प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, दिव्यांग मुलींसाठी दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांचा प्रोत्साहन भत्ता अशा तरतुदी त्या नोंदीच्या आधारानं पुढे सरकतात. नोंदच नसेल तर मूल कागदावर दिसत नाही.

४. रुग्णालयातली तपासणी

सवलतीसाठी शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. खासगी समुपदेशकाचा अहवाल माहितीसाठी चांगला असतो, पण बोर्डात तेवढ्यावर भागत नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातलं अध्ययन अक्षमता केंद्र हे काम अनेक वर्षं करतं. इतर ठिकाणी जिल्हा सामान्य रुग्णालय किंवा जवळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. जाण्याआधी तीन गोष्टी विचारा: अध्ययन अक्षमतेची चाचणी इथे होते का, कोणत्या वारी होते, आणि मुलाच्या शिक्षणाच्या माध्यमातून होते का. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा वाचायला दिला तर निष्कर्ष भलताच निघेल, म्हणून तिसरा प्रश्न गाळू नका.

तपासणी एका फेरीत संपत नाही. बालरोगतज्ज्ञ मुलाचा पूर्वेतिहास घेतात. मानसशास्त्रज्ञ बुद्धिमापन करतात. मग वाचन, लेखन, आकलन आणि गणित यांची शैक्षणिक चाचणी होते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं तयार केलेला चाचणीसंच यासाठी वापरला जातो. प्रत्येक फेरीला वेगळी तारीख पडते आणि शहरांतल्या रुग्णालयांत रांग मोठी असते. दहावीच्या डिसेंबरात गेलेल्या मुलाच्या हातात फेब्रुवारीपर्यंत प्रमाणपत्र येईलच असं नाही, ते याचमुळे.

मुलाला आदल्या दिवशी खरं सांगा. ‘तुला कसं शिकवलं की सोपं जाईल ते डॉक्टर शोधून काढणार आहेत. इथे पास-नापास नाही.’ चाचणीसाठी त्याची पूर्वतयारी करून घेऊ नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आपण कशासाठी आलोय ते लपवलेलं लगेच कळतं, आणि मग ते चाचणीत मन लावत नाही.

५. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं विशिष्ट ओळखपत्र, यांसाठी ‘स्वावलंबन’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही स्कॅन करून जोडा. घरी नेट नसेल तर सेतू केंद्रात भरून मिळतो. कार्डाचे तीन रंग असतात: दिव्यांगत्व ४० टक्क्यांहून कमी असेल तर पांढरं, ४० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान पिवळं आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर निळं.

कार्ड हाती आलं की नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहा. एका वेलांटीचा फरक असला तरी आत्ताच दुरुस्त करून घ्या. बोर्डाच्या अर्जाच्या वेळी तो फार महाग पडतो. प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असेल तर ती दहावीच्या मार्चच्या पुढे जाते का तेही बघा. जात नसेल तर नूतनीकरणाची तारीख नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहा.

टक्केवारीबद्दल एक गोष्ट पालकांनी माहीत करून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये लेखनिकाविषयीच्या एका निकालात स्पष्ट केलं की ज्याला लिहिण्यात खरी अडचण आहे, त्याला ४० टक्क्यांची अट पुढे करून लेखनिक नाकारता येत नाही. कुणी ‘टक्के कमी आहेत, काही मिळणार नाही’ म्हणून वाटेला लावत असेल तर तेच उत्तर लेखी मागा.

६. कोणती सवलत घ्यायची ते मुलासोबत ठरवा

दहावीला दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मुख्य सवलती अशा: दर तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, गणनाची अडचण असेल तर कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुकांकडे सौम्य दृष्टी, काही विषयांना पर्याय, आणि उत्तीर्ण होण्यासाठी सवलतीचे गुण. कोणत्या प्रकाराला काय लागू आहे ते बोर्डाच्या त्या वर्षीच्या परिपत्रकात दिलेलं असतं. त्याची प्रत शाळेकडून मागून घ्या.

आता नोंदवही उघडा आणि पहिल्या टप्प्यातल्या दोन्ही याद्या समोर ठेवा. वाचन बरं पण लेखन फार सावकाश, अशा मुलाला बहुधा जादा वेळ पुरतो; लेखनिक घेतल्यानं त्याचा गोंधळ वाढू शकतो. लिहिताना हात आखडतो, विचार पुढे पळतो, अशा मुलाला लेखनिकाचा खरा उपयोग. प्रश्नच वाचता येत नाही अशा मुलाला प्रश्नपत्रिका वाचून दाखवणारं माणूस हवं. मिळतंय म्हणून सगळं घ्यायचं नाही.

विषय बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्या. दहावीला गणिताऐवजी पर्याय घेतला की पुढे विज्ञान शाखा, पदविका अभियांत्रिकी, अनेक आयटीआय अभ्यासक्रम यांची दारं बंद होतात. पंधराव्या वर्षी सुटका वाटणारी गोष्ट अठराव्या वर्षी अडसर ठरू शकते. आधी कॅल्क्युलेटर आणि जादा वेळ घेऊन नववीचं सत्र काढून पाहा. त्यानंतरही गणित झेपत नसेल, तर काय मिळतंय आणि काय जातंय ते मुलाला समजावून मगच पर्याय घ्या. त्यात लाज मानण्यासारखं काही नाही.

७. नववीच्या पहिल्या घटक चाचणीपासून वापर सुरू करा

हा टप्पा सर्वांत जास्त वगळला जातो आणि सर्वांत जास्त फळ देतो. बोर्डाच्या परीक्षेत जे मिळणार आहे ते शाळेच्या प्रत्येक परीक्षेत मिळालं पाहिजे: घटक चाचणी, प्रथम सत्र, द्वितीय सत्र, पूर्वपरीक्षा, सगळीकडे. मुख्याध्यापकांनी परीक्षा विभागाला लेखी सूचना द्यावी आणि एक वेगळी खोली ठरवून ठेवावी. खोली शांत हवी, कारण लेखनिकाला उत्तर मोठ्यानं सांगावं लागतं.

रोजच्या वर्गातही काही बदल करता येतात, आणि त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी दुसऱ्या मुलाच्या वहीचा फोटो काढू द्या. सर्वांसमोर मोठ्यानं वाचायला उभं करू नका. गृहपाठ दहा गणितांऐवजी चार द्या, पण ती चार पूर्ण करून घ्या. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात; मोबाइल मराठी मजकूर वाचून दाखवतो. धडा आधी कानानं ऐकला की वाचताना निम्मा ताण उतरतो. छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी २०१६ पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे.

इतर मुलं विचारतात, ‘बाई, याला जास्त वेळ का?’ उत्तर वर्गासमोर, सरळ द्या: ‘त्याला लिहायला जास्त वेळ लागतो म्हणून. प्रश्न त्यालाही तेच आहेत.’ मुलांना न्याय कळतो. कुजबुज होते ती मोठी माणसं विषय टाळतात तेव्हा.

८. लेखनिक शोधा आणि जोडी जमवा

दहावीच्या विद्यार्थ्यासाठी लेखनिक त्याच्यापेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. बहुतेक नववीतला मुलगा किंवा मुलगी निवडतात. अक्षर सुवाच्य, वेग चांगला आणि स्वभाव शांत, या तीन गोष्टी पाहा. स्वतःची हुशारी दाखवायला उतावीळ असलेलं मूल या कामाचं नाही. एक मुख्य आणि एक राखीव असे दोघं ठरवा, कारण फेब्रुवारीत ताप-खोकला कुणालाही गाठतो. त्यांच्या पालकांना भेटा, वेळापत्रक दाखवा, त्यांच्या मुख्याध्यापकांकडून रजेची आणि दाखल्याची सोय करा. लेखनिक होणारं मूल आपले चार-चार तास देणार असतं. त्याचे आभार नीट माना आणि परीक्षेच्या दिवशी त्याच्याही डब्या-पाण्याचं बघा.

दहावीच्या दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा सराव ठेवा. उत्तर सांगणं ही शिकायची गोष्ट आहे. क्रम असा बसवा:

पहिल्या सरावात दोन गुणांचे प्रश्न घ्या. मुलानं प्रश्न दोनदा ऐकायचा, मनात उत्तर जुळवायचं आणि मग एकेक वाक्य सांगायचं. लेखनिकानं लिहून झालं की ‘झालं’ म्हणायचं, त्यानंतर पुढचं वाक्य.

दोन-तीन सरावांनंतर दीर्घोत्तरी प्रश्न घ्या. आधी कच्च्या कामाच्या जागेत चार शब्दांचे मुद्दे उतरवून घ्यायचे आणि त्या क्रमानं सांगायचं. परिच्छेद कुठे बदलायचा, कशाखाली रेघ ओढायची, हेही मुलानंच सांगायचं.

गणित सर्वांत शेवटी. ‘एक्स अधिक तीन, हे सगळं कंसात, कंसाबाहेर वर्ग’ असं बोलणं सवयीनंच येतं. अपूर्णांक सांगताना आधी अंश, मग छेद, हा नेम ठरवून टाका. भूमितीची आकृती सांगताना बिंदूंची नावं आधी, माप नंतर.

लेखनिकानं स्वतःहून एकही शब्द घालायचा नाही आणि चूक दिसली तरी सुचवायची नाही. हे सरावातच पक्कं करा. परीक्षेत ते नियमाविरुद्ध ठरतंच, शिवाय सरावात मिळालेल्या आयत्या मदतीनं मुलाची खरी तयारी झाकली जाते.

९. जादा वेळेचा हिशेब बसवा

भाषेचा ८० गुणांचा पेपर ३ तासांचा असतो. दर तासाला २० मिनिटं धरली की ४ तास होतात. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रांचे भाग प्रत्येकी ४० गुणांचे आणि २ तासांचे. तिथे २ तास ४० मिनिटं मिळतात. बोर्डानं सर्वांसाठी काही वाढीव मिनिटं दिली असतील तर ती वेगळी.

आता ८० गुणांच्या पेपरातली २४० मिनिटं वाटून घ्या. १५ मिनिटं प्रश्नपत्रिका ऐकायला आणि सोपे प्रश्न हेरायला, १५ मिनिटं शेवटी तपासायला. उरली २१०. म्हणजे एका गुणाला साधारण अडीच मिनिटं आणि चार गुणांच्या प्रश्नाला दहा. ४० गुणांच्या पेपरात १६० मिनिटांतून २० बाजूला ठेवली तर एका गुणाला साडेतीन मिनिटं पडतात. हे आकडे मुलाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवा आणि प्रत्येक सराव घड्याळ लावून करा.

चार तास एका जागी बसणं हाही वेगळा सराव आहे. पहिल्या महिन्यात दीड तास, मग अडीच, मग पूर्ण. पाणी कधी प्यायचं, डोळे मिटून दोन मिनिटं कधी बसायचं, हेसुद्धा ठरवा. जानेवारीतल्या पूर्वपरीक्षेत पूर्ण वेळ, तोच लेखनिक, वेगळी खोली अशी संपूर्ण रंगीत तालीम झालीच पाहिजे. तिच्यात जे अडेल ते दुरुस्त करायला महिनाभर हातात राहतो.

१०. बोर्डाचं आवेदनपत्र आणि मंजुरी

दहावीची आवेदनपत्रं शाळेमार्फत ऑनलाइन भरली जातात, साधारण दिवाळीच्या आगेमागे. त्यात दिव्यांगत्वाचा प्रकार नोंदवण्याची जागा असते. ती भरली आहे ना, हे शाळेच्या लिपिकाशेजारी बसून स्वतः पाहा. मग मुख्याध्यापकांच्या पत्रासह सवलतीचा प्रस्ताव विभागीय मंडळाकडे जातो. राज्यात अशी नऊ विभागीय मंडळं आहेत: पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, मुंबई, कोल्हापूर, अमरावती, नाशिक, लातूर आणि कोकण. प्रस्तावाला प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत, मागितलेल्या सवलतींची यादी आणि लेखनिकाची माहिती जोडा. यादीत प्रत्येक सवलत वेगळी लिहा. ‘सर्व सवलती मिळाव्यात’ असं मोघम लिहिलं की नेमकी हवी ती राहून जाते.

मंजुरीचं पत्र हातात आलं की त्याच्या तीन प्रती काढा: एक शाळेला, एक परीक्षा केंद्राला, एक आपल्या फाइलीला. प्रवेशपत्र मिळाल्यावर परीक्षेच्या आठवडाभर आधी केंद्रावर जा आणि केंद्रसंचालकांना भेटा. खोली कोणती, तळमजल्यावर आहे का, पर्यवेक्षकांना जादा वेळेची माहिती आहे का, हे नम्रपणे विचारा आणि पत्राची प्रत द्या.

हे किती गरजेचं आहे ते २०२१ च्या एका प्रकरणातून कळतं. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला बसलेल्या, डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीला जादा तासाचा हक्क असूनही केंद्रावर तिची उत्तरपत्रिका वेळेआधीच काढून घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिच्यावर अन्याय झाल्याचं न्यायालयानं मान्य केलं, तो दूर करण्याचे उपाय योजायला सांगितलं, पण फेरपरीक्षेचा आदेश दिला नाही. गेलेला तास कोर्टातूनही परत मिळत नाही. तो केंद्रावर, आधीच, पत्र दाखवून राखावा लागतो.

११. परीक्षेच्या दिवसांत

मंजुरीपत्र, प्रमाणपत्राची प्रत, यूडीआयडी कार्ड, प्रवेशपत्र आणि लेखनिकाचं ओळखपत्र एका पारदर्शक पाकिटात ठेवा. कॅल्क्युलेटर मंजूर असेल तर साधाच न्या. केंद्रावर अर्धा-पाऊण तास आधी पोचा. लेखनिक ऐनवेळी बदलावा लागला तर आधी केंद्रसंचालकांना सांगा आणि राखीव लेखनिकाची कागदपत्रं दाखवा.

पेपर झाल्यावर ‘काय आलं, किती सुटलं’ ही उलटतपासणी नको. जेवण, झोप, मग पुढचा विषय. मूल फार घाबरलं, झोप उडाली, जेवण तुटलं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनीही आहे.

१२. निकालानंतर

अकरावीची प्रवेशप्रक्रिया २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाली आहे. अर्जात दिव्यांग असल्याची नोंद करा आणि प्रमाणपत्र अपलोड करा. नवं महाविद्यालय मुलाला ओळखत नाही, त्यामुळे तिसऱ्या टप्प्यातला अर्ज तिथे पुन्हा द्यावा लागेल.

एखाद्या विषयात राहिलं तर पुरवणी परीक्षा आहे आणि सवलती तिथेही लागू होतात. नेहमीच्या शाळेचा वेगच झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावी करता येते: पाच विषय, पाच वर्षांची मुदत, नऊ संधी. एकेक-दोन-दोन विषय घेऊन पुढे जाणाऱ्या मुलांसाठी ही चांगली वाट आहे. तिला दुय्यम समजू नका.

कुठे अडलं तर

क्रम धरा: मुख्याध्यापक, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी माध्यमिक, मग विभागीय मंडळाचे सचिव, आणि त्यानंतर पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. प्रत्येक पायरीवर लेखी अर्ज, पोच आणि तारीख. भांडणाऐवजी फाइल पुढे करा. बहुतेक अधिकारी अडवतात ते माहिती नसल्यामुळे. परिपत्रक समोर ठेवलं की काम पुढे सरकतं.

आणि या सगळ्यात एक काम हळूहळू मुलाकडे सोपवत जा. आठवीत अर्ज आई-बाबांनी दिला. नववीत मुलानं तो शेजारी बसून वाचलेला असावा. दहावीत केंद्रसंचालकांना भेटायला त्यालाही सोबत न्या. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात ती प्लास्टिकची फाइल त्याच्या हातात द्या आणि प्राध्यापकांशी त्यालाच बोलू द्या: ‘सर, मला विषय समजतो, पण लिहायला जास्त वेळ लागतो. दहावीला मला तासाला वीस मिनिटं जादा मिळत होती, इथेही हवी आहेत.’ एवढी दोन वाक्यं मान वर करून बोलता आली की पदवीपर्यंत आणि नोकरीतही मुलाला दुसऱ्या कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.